षट्कोनाच्या आत कोण?

मी कविता लिहिणारा माणूस. भूगोलाशी रीतसर नातं बी.ए.पर्यंतचं. तरी पीएच.डी. करणाऱ्यांच्या सेमिनारचं मला कुतूहल आहे. पाच-दहा जण एका टेबलाभोवती बसून एकमेकांचं लेखन उसवतात. कविसंमेलनापेक्षा तिथं दाद कमी आणि शंका जास्त. मानवी आणि आर्थिक भूगोलातल्या अशाच एका सेमिनारची आणि तिथं मन लावून वाचल्या गेलेल्या एका प्रबंधाची ही हकिगत.

प्रबंध जर्मनीतला, वाल्टर क्रिस्टालर यांचा. मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी, वय चाळिशीला टेकलेलं. दक्षिण जर्मनीच्या नकाशावर सारख्या मोठेपणाची गावं ते रेघांनी जोडत गेले आणि कागदावर षट्कोन उमटू लागले. १९३३ साली प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यातली गोष्ट आपल्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाईला आधीच ठाऊक असते. मीठ-मिरची गावात मिळते, लुगडं बाजाराच्या गावी, आणि लग्नाचा बस्ता बांधायचा तर मोठी पेठ गाठावी लागते. दुकान चालायला पुरेशी गिऱ्हाइकं लागतात आणि गिऱ्हाईक एका अंतरापलीकडे जात नाही. जमीन सपाट आणि वस्ती सारखी पसरलेली धरली, तर या हिशेबातून मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी रचना तयार होते. मात्र ‘धरली तर’ हे शब्द लक्षात ठेवा.

एडवर्ड उलमन यांनी १९४१ मध्ये हा विचार अमेरिकेत नेला. १९५०च्या दशकात सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम गॅरिसन यांच्या सेमिनारमध्ये ब्रायन बेरी, वाल्डो टोबलर, विल्यम बंगी अशी तरुण मुलं जमली. नद्या-डोंगरांची वर्णनं त्यांना पुरेशी वाटत नव्हती. संख्याशास्त्र, नवी गणनयंत्रं आणि क्रिस्टालर, असा त्यांचा अभ्यास. बंगीचा ‘थिअरॉटिकल जिऑग्राफी’ हा ग्रंथ १९६२ मध्ये स्वीडनमधल्या लुंडहून निघाला. अर्पण कोणाला? क्रिस्टालरना.

आता मधली वर्षं पाहू. १९४० मध्ये क्रिस्टालर नाझी पक्षात गेले आणि हिमलरच्या हाताखालच्या कचेरीत, कोन्राड मायर या नियोजकाकडे काम करू लागले. जर्मनीनं गिळलेल्या पोलंडमध्ये नवी गावं कुठं वसवायची, याचा आराखडा तिथं होत होता. त्याच मुलखातून पोलिश आणि ज्यू माणसं हुसकली जात होती. मोकळं मैदान हे प्रबंधात नुसतं गृहीतक होतं. इथं मैदान मोकळं करून घेतलं जात होतं. युद्धानंतर हेच गृहस्थ कम्युनिस्ट पक्षात गेले. पोलंडचं काम इंग्रजी वाचणाऱ्यांपुढं सविस्तर आलं ते १९८०च्या दशकात. क्रिस्टालर राक्षस होते असं मला वाटत नाही. रेघेवर जीव जडलेला माणूस होता, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

बंगी मात्र पुढं डेट्रॉइटला शिकवायला गेला आणि फिट्झजेराल्ड या वस्तीत राहू लागला. तिथं ग्वेंडोलिन वॉरन ही तरुण कृष्णवर्णीय मुलगी त्याची सहकारी झाली; खरं तर अनेक बाबतींत गुरूच. दोघांच्या पुढाकारानं ‘डेट्रॉइट भौगोलिक मोहीम’ उभी राहिली आणि सेमिनार विद्यापीठातून गल्लीत आला. वस्तीतली माणसं फी न भरता भूगोल शिकू लागली आणि आपलेच रस्ते मोजू लागली. १९७१ च्या एका नकाशात, श्रीमंत उपनगरांतून कामावर ये-जा करणाऱ्यांच्या मोटारींखाली काळी मुलं कुठं कुठं सापडली, त्या जागा खुणांनी दाखवल्या आहेत. नकाशाचं शीर्षकही हेच सांगतं, आडवळण न घेता.

या नकाशात एकही षट्कोन नाही. अर्पणपत्रिका मात्र तशीच राहिली. बंगी नंतर कॅनडात गेला, टोरांटोत टॅक्सी चालवली, आणि २०१३ मध्ये वारला.