‘लाँग’ची लांबी

पारनेरच्या एका पतसंस्थेचा जुना हिशेब नव्या यंत्रावर वाचायचा होता. १९९०च्या दशकात युनिक्सवर लिहिलेला, सी भाषेतला प्रोग्राम मी पुन्हा कंपाइल केला. तक्रार एकही आली नाही, पण ठेवीदारांच्या शिलका भलत्याच दिसू लागल्या.

मूळ अर्ध्या शतकामागे होते. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी घडवली, तेव्हा आकड्यांची मापे यंत्रावर सोपवली. १९८९च्या प्रमाणकानेही ‘लाँग’ किमान ३२ बिटांचा असावा, एवढेच बंधन घातले. पुढे ६४ बिटी युनिक्सवर तो ६४ बिटांचा झाला. जुन्या फाइलीतली चार बाइटांची रक्कम माझा प्रोग्राम पुढच्या रकान्यासकट वाचत होता.

मेकफाइलमध्ये ‘-एम३२’ हा पर्याय घातला; तरी फरक नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांचे १९७६चे ‘मेक’ फायलींच्या वेळा पाहते, पर्याय बदलल्याचे त्याला कळत नाही. आधीच्या ऑब्जेक्ट फायली पुसून सगळे नव्याने बांधले, तेव्हा शिलका खतावणीशी जुळल्या.

मोडी कागदातला मण कुठल्या गावचा, हे आपण आधी विचारतो. जुन्या प्रोग्रामलाही तेच विचारायला हवे होते.