पिस्तुलाचा नेम

मराठी भाषेंत ‘नेम’ हा एकच शब्द दोन कामें करतो. बाण, गलोल किंवा बंदूक रोखून लक्ष्याचा वेध घेणें म्हणजे नेम धरणें. आणि एकादशीचा उपवास, पहांटेचा व्यायाम किंवा सायंकाळची रामरक्षा रोज न चुकतां पाळणें हाहि नेमच. पहिला नेम दुसऱ्या नेमावांचून साधत नाहीं, ही गोष्ट भाषेनें जणूं शब्दांतच गोंवून ठेविली आहे. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या डोंगरी तालुक्यांत ती समजण्यास शब्दकोशाची गरज पडत नाहीं. माहुलीच्या पायथ्याशीं किंवा माळशेज घाटाखालच्या एखाद्या वाडीवर कातकऱ्याचें अथवा ठाकराचें पोर गलोलीनें कैरी पाडतें, तें पाहावें. त्याला कोणी गुरु नसतो. परंतु शेंकडों खडे वायां गेल्यानंतर त्याचा हात बसलेला असतो.

पिस्तुलाचा नेम मात्र आपल्याकडे फार उशिरां, आणि फारच थोड्या हातांत आला. त्याचें कारण माणसाच्या डोळ्यांत नव्हतें, कायद्यांत होतें. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला, आणि परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यांतून मोकळीक होती. ज्याच्या हातीं हत्यार नाहीं त्याला सराव कोठून, आणि ज्याला सराव नाहीं त्याला नेम कोठून? नेमबाजी ही लष्कर, पोलीस, साहेबलोक आणि संस्थानिक यांचीच विद्या होऊन बसली.

या विषमतेचा एक कठोर प्रसंग मुरबाड तालुक्यांतच घडला. माथेरान येथें १ डिसेंबर १९१२ रोजीं एका नाभिक कुटुंबांत जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे शिकून वकील झाले. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले व त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईकडे वीज नेणारे उंच मनोरे पाडावयाचे, हें या दस्त्याचें मुख्य काम. सरकारचा पाठलाग वाढला तेव्हां दस्त्यानें सिद्धगडाच्या रानाचा आसरा घेतला. २ जानेवारी १९४३ च्या पहांटे पोलिसांनीं त्या ठिकाणावर छापा घातला. हिराजी पाटील गोळी लागून पडले. भाईंच्या पायाला गोळी लागली. जखमी होऊन पडलेल्या त्या माणसाला हॉल या पोलीस अधिकाऱ्यानें अगदीं जवळ येऊन गोळी घातली. ते तीस वर्षांचे होते.

या शेवटच्या गोळीला कसलेंहि कौशल्य लागलें नाहीं. इतक्या जवळून लक्ष्य चुकत नाहीं. सुटतो तो दुसरा नेम, नियमाचा. पिस्तुलाच्या नेमाचा जो सभ्य इतिहास आहे, तो नेमका येथूनच वेगळा होतो. अंतर वाढवावें, लक्ष्य लहान करावें, नियम कडक करावे आणि मग माणसाची परीक्षा पाहावी, ही त्याची दिशा आहे.

१८९६ सालीं अथेन्स येथें पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले. त्यांत नेमबाजीच्या पांच स्पर्धा होत्या व त्यांपैकीं तीन पिस्तुलाच्या होत्या. जॉन व समनर पेन या अमेरिकन भावांनीं त्यांपैकीं एकेक जिंकली. पुढें या खेळाचे नियम बांधले गेले आणि १०, २५ व ५० मीटर हीं अंतरें रूढ झालीं. पिस्तूल एकाच हातांत धरावयाचें, त्या हाताला कसलाहि आधार द्यावयाचा नाहीं, हा नियम ठरला. दहा मीटरच्या स्पर्धेंत हवेच्या दाबानें चालणाऱ्या पिस्तुलांतून ४.५ मिलिमीटरची गोळी सुटते, आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें असतें. म्हणजे दहा मीटरवरून सदऱ्याच्या बटणाचा वेध घ्यावयाचा, आणि तोहि साठ वेळां.

रायफलीपेक्षां पिस्तूल अवघड कां, याचें उत्तर साध्या भूमितींत आहे. पिस्तुलाच्या नळीवर पुढें ‘माशी’ व मागें खाच असते. या दोहोंतील अंतर वीतभराच्या आसपास, समजा १६ सेंटिमीटर, असतें. माशी खाचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर ढळली, तर दहा मीटरवर गोळी सहा सेंटिमीटरांहून अधिक दूर जाते, म्हणजे लक्ष्याच्या काळ्या भागाच्याहि बाहेर पडते. उलट माशी व खाच यांची जुळणी बिनचूक राखून सबंध हात एक मिलिमीटर सरकला, तर गोळीहि एकच मिलिमीटर सरकते. म्हणून नवशिक्यानें पहिली गोष्ट शिकावयाची ती ही कीं, डोळा लक्ष्यावर खिळवूं नये, माशीवर ठेवावा. माशी रेखीव दिसावी, लक्ष्य धूसर दिसलें तरी चालेल. ज्याला लक्ष्य गांठावयाचें आहे त्यानें लक्ष्याकडे रोखून पाहूं नये, हें ऐकावयास विचित्र वाटतें. परंतु गणित तेंच सांगतें.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. पाय रोवून, डोळे मिटून हात वर करावा व मग डोळे उघडावे. हात लक्ष्याच्या डावी-उजवीकडे गेलेला दिसला, तर मनगट वळवून तो जागेवर आणूं नये. पाऊलच थोडें सरकवावें. स्नायूंवर जबरदस्ती करून मिळविलेली दिशा चाप दाबतांना दगा देते.

तिसरी गोष्ट चापाची, आणि बहुतेकांची गोळी येथेंच वायां जाते. कोणाचाहि हात पूर्ण स्थिर राहत नाहीं. श्वास आहे, नाडी आहे, स्नायूंचा कंप आहे. माशी मध्यावर येण्याचा क्षण साधून नवशिका चापाला हिसका देतो, आणि त्या हिसक्यानेंच नेम मोडतो. जाणता नेमबाज हाताचा तो बारीक हेलकावा मुकाट्यानें मान्य करतो, अर्धा श्वास सोडून थांबतो आणि चाप सरळ मागें, एकसारखा दाबीत नेतो. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाहीं, तर हट्ट न धरतां हात खालीं घेतो. गोळी सुटल्यावरहि क्षणभर तसाच रोखून उभा राहतो, कारण शरीराला ‘झालें’ असें लवकर वाटलें कीं तें झाडण्याआधींच सैल पडूं लागतें. या सर्वांचा सराव बहुतांशीं गोळी न भरतां होतो. पिस्तूल रिकामें असल्याची खात्री करून, कोऱ्या भिंतीसमोर, रोज ठरल्या वेळीं हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची. येथें नेमाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

या रोजच्या नेमाचें बळ किती, हें कारोली ताकाच या हंगेरियन सैनिकानें दाखवून दिलें. १९३८ सालीं हातबाँब फुटून त्याचा उजवा, नेमबाजीचा हात निकामी झाला. त्यानें कोणाला न सांगतां डाव्या हातानें आरंभापासून सराव सुरू केला. पुढें युद्धामुळें ऑलिंपिक सामनेच बंद पडले. तरी १९४८ सालीं लंडन येथें व १९५२ सालीं हेलसिंकी येथें शीघ्रगति पिस्तुलाचें सुवर्णपदक त्यानें डाव्या हातानेंच मिळविलें.

स्वतंत्र भारतांत ही विद्या मोकळी झाली. १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर, गुजरातेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतले गृहस्थ, हे होत. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या कायद्यानें घेतली. परवान्याचें बंधन राहिलें, पण तें सर्वांना सारखें झालें. महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनीं १९९० सालीं ऑकलंडच्या राष्ट्रकुल सामन्यांत सेंटर-फायर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ सालीं आशियाई सामन्यांत २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरींत थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशीं ३४ गुणांवर बरोबरीत राहिली. निकालासाठीं पुन्हा पांच गोळ्या झाडल्या, तरी बरोबरीच झाली. तिसऱ्या वेळीं तीन विरुद्ध दोन अशा फरकानें सुवर्णपदक राहीला मिळालें. अशा घडीला डोळ्यापेक्षां अंगीं मुरलेला नेमच कामास येतो.

नेमबाजीच्या मैदानावर कांहीं नियम अनुल्लंघनीय आहेत. नळीचें तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेनेंच राहील. माशी जुळेपर्यंत बोट चापावर जाणार नाहीं. थांबण्याची आज्ञा होतांच हत्यार रिकामें करून खालीं ठेवलें जाईल. कितीहि मोठा विजेता असो, त्याला यांतून सूट नाहीं.

दरवर्षीं २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या स्मारकासमोर मस्तक नमवितात. त्या रानांत झाडलेली गोळी लक्ष्याला बरोबर लागली, आणि म्हणून ती अचूक ठरली असें कोणी म्हणत नाहीं. हत्यार हातीं धरणाऱ्यानें आधीं नेम पाळावा, मग नेम धरावा.