पांढरा भात आणि ‘एदोचा विकार’

आपला आहार उत्तम आहे असे मनुष्य म्हणतो, तेव्हा तो कोणत्या मापाने तसे ठरवितो, हा प्रश्न आरोग्यशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. जपानमधील बेरीबेरीचा वृत्तांत या दृष्टीने उद्बोधक होय.

तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) एदो नगरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सडून शुभ्र केलेला तांदूळ नित्याचे अन्न झाला. खेड्यातील कुटुंबे सातू व भरड धान्ये खात आणि पांढऱ्या भाताला संपन्नतेचे लक्षण मानीत. नगरात आलेल्या मनुष्याचे पाय बधिर होत, अंगावर सूज येई, हृदय दुर्बळ होई. गावी परतताच तो पुष्कळदा बरा होई. म्हणून या रोगास ‘एदो वाझुराई’, अर्थात ‘एदोचा विकार’, असे नाव पडले. या नावामागील निरीक्षण अचूक होते. तथापि ते नाव स्थळाकडे बोट दाखविते, ताटाकडे नाही. काही वैद्य सातू खाण्याचा सल्ला देत. परंतु प्रतिष्ठित अन्न सोडून हलके मानलेले धान्य पत्करणे लोकांना सहज रुचणारे नव्हते.

पुढे आरमारात या समजुतीची कसोटी लागली. १८८२–८३ च्या सफरीत ‘र्‍यूजो’ या युद्धनौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ जणांस बेरीबेरी झाली व २५ जण दगावले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ नौकेवर आहार बदलून तोच मार्ग आक्रमिला; या वेळी बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. दोष प्रथिनांच्या कमतरतेत आहे, हा ताकाकींचा सिद्धान्त चुकीचा होता. उपाय मात्र बरोबर होता.

लष्कराच्या वैद्यांची स्थिती नेमकी उलट होती. मोरी रिंतारो (साहित्यात मोरी ओगाई) यांच्यासारखे जर्मनीत शिकलेले तज्ज्ञ उष्मांक व प्रथिने मोजीत आणि त्या मापाने भात सरस ठरे. गरीब घरच्या शिपायासही रोजचा पांढरा भात हे मोठे सुख वाटे. शिपाई आणि शास्त्रज्ञ यांचे असे एकमत झाल्याची किंमत भयंकर होती: रशियाशी झालेल्या युद्धात (१९०४–०५) सुमारे अडीच लाख सैनिकांस हा रोग जडला व सुमारे २७,००० मरण पावले. सातू मिसळणाऱ्या आरमारात मात्र रुग्ण अगदी थोडे होते.

१९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून रोगनाशक द्रव्य वेगळे केले. आज आपण त्यास थायमिन म्हणतो. कोकण व गोमंतकातील उकड्या तांदळाचे मर्मही यातच आहे. साळ उकडताना हे द्रव्य काही अंशी दाण्यात मुरते आणि कांडल्यावरही टिकते. जीवनसत्त्वांची वार्ता नसलेल्या काळातही तो खाणाऱ्यांस त्याचा लाभ मिळत होता. म्हणजे ज्ञानावाचून आहार योग्य असू शकतो आणि विद्वत्तेसह चुकूही शकतो.

यावरून अभ्यासकांनी एक सावधगिरी घ्यावयास हवी. पोट भरल्याचे समाधान, धान्याची शुभ्रता, पंक्तीतील मान ही खाणाऱ्याची मापे असतात. शरीरातील उणीव मात्र रोग प्रकट होईपर्यंत जाणवत नाही. म्हणून ‘आम्ही उत्तम खातो’ ही साक्ष जुन्या दप्तरात सापडो की आजच्या प्रश्नावलीत, ती त्या समाजातील अन्नाच्या प्रतिष्ठेचा पुरावा म्हणून वाचावी. पोषणाचा पुरावा स्वतंत्रपणे शोधावा.