कोविल्यां : कापड कारखान्याच्या वास्तूतील विद्यापीठ

पोर्तुगालमधील विद्यापीठीय शिक्षणाचा इतिहास दीर्घकाळ एकट्या कोइंब्राचा इतिहास होता. जेझुइटांचे एव्होरा येथील विद्यापीठ पोंबालच्या राजवटीत १७५९ मध्ये बंद पडले. त्यानंतर १९११ मध्ये लिस्बन व पोर्तो येथे विद्यापीठे स्थापन होईपर्यंत देशात दुसरे विद्यापीठ नव्हते. याच पोंबालने १७६४ मध्ये सेर्रा दा इश्त्रेला पर्वताच्या उतारावरील कोविल्यां या गावी शाही कापड कारखाना काढला. ज्या मंत्र्याने एक विद्यापीठ मोडले, त्यानेच उभारलेल्या कारखान्यात दोन शतकांनंतर विद्यापीठ नांदावे, हा योगायोग लक्षणीय होय.

या गावी लोकरीचा धंदा वाढला, तो डोंगरातील मेंढ्या आणि कार्पिंतैरा व गोल्द्रा हे दोन ओढे यांच्या बळावर. लोकर धुणे, कापड रंगविणे, यंत्रे फिरविणे या सर्वांस पाणी याच ओढ्यांचे. 'पोर्तुगालचे मँचेस्टर' हे बिरुद त्यातूनच लाभले. (वास्को द गामाच्या आधी गोव्यापर्यंत येऊन गेलेला पेरु द कोविल्यां हा याच गावचा.)

शिक्षणमंत्री वैगा सिमांव यांच्या सुधारणांनुसार १९७३ मध्ये येथे तंत्रशिक्षण संस्था मंजूर झाली. तिच्या आरंभीच्या अभ्यासक्रमांत वस्त्र अभियांत्रिकी व प्रशासन-लेखा हे विषय होते. म्हणजे गिरण्यांना लागणारी माणसे घडविणे, हाच हेतू. परंतु पुढील दशकांत गिरण्याच एकामागून एक बंद पडत गेल्या. मोडकळीस आलेल्या उद्योगाची जागा विद्यापीठाने घेतली, असे सर्रास म्हटले जाते; प्रस्तुत लेखकास ते अर्धसत्य वाटते. संस्था मागितली गेली ती उद्योगासाठी, उद्योगाऐवजी नव्हे. संस्थेचे १९७९ मध्ये विद्यापीठीय संस्थेत आणि १९८६ मध्ये बैरा इंतेरियोर विद्यापीठात रूपांतर झाले, तेव्हा मूळ हेतू मागे पडून तिचे क्षेत्र विस्तारले होते.

मधल्या काळात लष्कराची छावणी झालेली शाही कारखान्याची वास्तू संस्थेला मिळाली. १९७५ मध्ये तेथे बांधकाम चालू असता जमिनीखाली जुन्या रंगशाळेचे अवशेष सापडले. वर्गखोल्यांची निकड असलेल्या नव्या संस्थेला ते बुजवून टाकणे सोयीचे झाले असते. तसे झाले नाही. १९८२ मध्ये या अवशेषांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९९२ मध्ये तेथेच लोकर-वस्त्रोद्योगाचे संग्रहालय खुले झाले. विद्यापीठाच्या इतिहासातील हा निर्णय, आमच्या मते, कोणत्याही नव्या विद्याशाखेइतकाच मोलाचा आहे. कारण ज्या कामगारांच्या श्रमावर गाव उभे राहिले, त्यांच्या कामाचा पुरावा त्यामुळे जागच्या जागी टिकला.

पुढे इतर गिरण्यांच्या इमारतींतही विद्यापीठ शिरले. २००१ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. लिस्बन, पोर्तो व कोइंब्रापासून दूर असलेल्या, लोकसंख्या घटत चाललेल्या अंतर्भागात डॉक्टर घडू लागले. वस्त्रविज्ञानाचा विभाग मात्र विद्यापीठाने सोडलेला नाही.