बायकांच्या वर्गणीची खिडकी

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडमधल्या एका खेड्यात नेणार आहोत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथे बॉडमिन मूर या माळरानाच्या कडेला सेंट नीऑट हे छोटं गाव आहे. गावच्या चर्चचा मनोरा 14व्या शतकातला. बाकीचं चर्च गावाने पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत नव्याने, ऐसपैस बांधलं. दगड तिथलाच, टणक ग्रॅनाइट. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, त्यांच्या पलीकडे लांब पडव्या, आणि पडव्यांच्या भिंतींत रुंद खिडक्या.

भिंती झाल्या, पण खिडक्यांना रंगीत काच हवी होती. ते काम खर्चाचं. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या रंगवून भट्टीत भाजायचे, मग शिशाच्या पट्ट्यांनी सगळं जोडायचं. पैसेवाल्या घराण्यांनी आपापल्या नावाने खिडक्या दिल्या. ज्यांना एकट्याने झेपत नव्हतं, त्यांनी वर्गणी काढली.

1523 साली गावाच्या पश्चिम भागातल्या बायकांनी मिळून एक खिडकी दिली. 1528 मध्ये तरुण मुलांनी दिली, 1529 मध्ये गावच्या मुलींनी. बायकांच्या खिडकीत वर संतांची चित्रं आहेत आणि खाली त्या बायका स्वतः, हात जोडून, रांगेने गुडघ्यांवर बसलेल्या. काचेवर लॅटिनमध्ये लिहिलंय, की ही खिडकी बायकांच्या खर्चाने झाली.

आता हे बघा. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईचे पैसे, भांडीकुंडी, गुरंढोरं नवऱ्याची होत. तरीही या बायकांनी आपला खर्च आपल्याच नावावर लिहवून घेतला.

पुढे 1547 नंतर राजाच्या हुकुमाने देशभर चर्चमधली चित्रं आणि मूर्ती काढल्या, फोडल्या गेल्या. सेंट नीऑटच्या काचा बऱ्याचशा वाचल्या. 1820 च्या दशकात त्यांची मोठी दुरुस्ती झाली, काही भाग नव्याने बनवले. बायकांची खिडकी आजही तिथे आहे.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमचीच गोष्ट आठवली. आमच्या गटाने गावच्या कार्याला भांडी दिली आणि पावती फाटली ती अध्यक्षबाईंच्या मालकांच्या नावाने! आम्हीही गप्प बसलो. मैत्रिणींनो, यापुढे वर्गणी देताना एवढंच म्हणा: "पावतीवर गटाचं नाव घाला."