कागदाच्या भोकांत साठवलेलं वादन

आजचा विषय आहे आपोआप वाजणारा पियानो, म्हणजे प्लेयर पियानो, आणि त्याच्या कागदी गुंडाळ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या घराघरांत हे वाद्य पोचलं होतं. आपला प्रश्न एवढाच, की या गुंडाळीत नेमकं काय साठवलेलं असतं? वादकाचा हात, की नुसती स्वरलिपी?

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या पेटीचा भाता हवा आत ढकलतो, इथला पायाने चालवायचा भाता हवा ओढून घेतो. कागद एका पट्टीवरून सरकतो आणि त्या पट्टीला प्रत्येक स्वराचं एकेक छिद्र असतं. कागदातलं भोक त्या छिद्रावर आलं की हवा आत शिरते, झडप उघडते, एक छोटा भाता मिटतो आणि पियानोची हातोडी तारेवर आदळते. म्हणजे कागदात आवाज नसतो, हुकूम असतो. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर भोकांचे पुठ्ठे फिरतात, त्याच कुळातली ही कल्पना.

सुरुवातीच्या अनेक गुंडाळ्या 65 स्वरांच्या होत्या, इंचाला 6 भोकं. 1908 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात कारखानदार एकत्र बसले आणि पूर्ण 88 स्वरांचं, इंचाला 9 भोकांचं माप ठरलं. दोन्ही कागदांची रुंदी मात्र तीच, सव्वाअकरा इंच. नुसती रुंदी पाहून फरक कळत नाही, भोकं मोजावी लागतात.

खरी गंमत एकाच रचनेच्या दोन गुंडाळ्या शेजारी उलगडल्या की दिसते. पहिली छापील स्वरलिपीवरून पट्टीने आखून कापलेली. तिच्यात एकत्र वाजायच्या स्वरांची भोकं कवायतीतल्या रांगेसारखी सरळ रेषेत असतात. दुसरी वादकाने प्रत्यक्ष वाजवून नोंदवलेली. तिच्यात तीच भोकं जराशी पुढेमागे सरकलेली दिसतात. एक बोट आधी पडलं, दुसरं क्षणभर रेंगाळलं. माणसाची खूण ती हीच.

वेगाचंही पाहावं लागतं. गुंडाळीवर 70 लिहिलं असेल तर कागद मिनिटाला 7 फूट सरकवायचा. साध्या पियानोत हा वेग आणि आवाजाचा जोर समोर बसलेल्या माणसाच्या हातापायांत असे. फौजेत आम्ही हेच अनुभवतो. हुकूम एकच असतो, पण बजावणारा बदलला की काम वेगळं होतं.

हा मधला माणूस काढून टाकायचा प्रयत्न जर्मनीत फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने 1904 च्या सुमारास केला. तिच्या वेल्टे-मिन्यॉन यंत्राच्या गुंडाळीत हळू-जोरात वाजवण्याचे हुकूमही कागदाच्या कडांवर भोकांनीच दिलेले असत. 9 नोव्हेंबर 1905 रोजी लाइपझिगमध्ये संगीतकार गुस्ताव मालर या यंत्रासाठी स्वतः वाजवायला बसला. त्याच्या चार गुंडाळ्या आहेत. मालरचं ग्रामोफोन ध्वनिमुद्रण नाही, त्यामुळे त्याच्या हातांचा पुरावा म्हणून एवढाच कागद उरला आहे.

पण हा पुरावा तपासून घ्यावा लागतो. स्वर केव्हा सुरू झाला आणि किती वेळ धरला, हे गुंडाळी चांगलं सांगते. जोराचं नियंत्रण मात्र प्रत्येक स्वराला वेगळं नव्हतं. खालच्या आणि वरच्या स्वरांचे दोन मोठे भाग करून ते दिलेलं होतं. शिवाय कारखान्यातले संपादक हात फिरवत. चुकीचा स्वर काढून टाकायला भोक बुजवणं पुरेसं होतं. पियानो नीट जुळवलेला नसेल, तर आज ऐकू येतो तो मालर आणि दुरुस्ती करणारा कारागीर, दोघे मिळून.

आता आपल्याकडे वळू. चंदीगडपासून सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटरवरच्या लाहोरला, 1901 मध्ये, कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर गांधर्व महाविद्यालय उघडत होते. तेही संगीत कागदावर आणण्याच्या खटपटीत होते, आणि भातखंड्यांनी आपली निराळी स्वरलिपी रचली. पण पियानोच्या ठरावीक पट्ट्यांवर मींड निघत नाही, मग ती भोकांत कशी उतरणार? आपल्या लिपीने चीज जपली. मींड आणि गमक समोर बसलेल्या गुरूकडूनच घ्यावी लागली.

अल्लादिया खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. 1946 मध्ये ते गेले. मालरच्या मागे निदान कागद राहिला, खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही. त्यांचं गाणं आपल्याला कळतं ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांकडून. केसरबाईंचा आवाज तर 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. पण त्यांच्या गाण्यात खाँसाहेब किती आणि केसरबाई किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. शिष्यही हुकूम बजावताना आपलं काहीतरी घालतोच.

म्हणून ‘मालर स्वतः वाजवतोय’ असं लिहिलेलं काही ऐकलंत, तर तीन प्रश्न विचारा. गुंडाळी वाजवून केलेली आहे की आखून? वेग कोणी ठरवला? आणि पियानो कोणी जुळवला? घराण्याची अस्सल गायकी म्हणून काही समोर आलं, तर तिथेही विचारा, की गुरू आणि आपण यांच्या मध्ये किती हात आहेत. उत्तर मिळालं म्हणून ऐकण्याचा आनंद कमी होत नाही. त्या मधल्या हातांचंही श्रेय त्यांना मिळतं.

जय हिंद.