पूर येण्याआधी तपासा बोटीचे इंजिन

प्रकाशा (जि. नंदुरबार) : तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. येथील बॅरेजमुळे एरवी पात्रात पाणी अडलेले असते. पावसाळ्यात दरवाजे उघडले, की हाच प्रवाह वेगवान होतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने खालच्या अंगाचे सुरत शहर पाण्याखाली गेले होते. अशा प्रसंगी वर्षभर पडून राहिलेले बोटीचे जुने इंजिन सुरूच झाले नाही, तर बचावकार्याची मोलाची मिनिटे वाया जातात. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाची तपासणी म्हणूनच पावसाळ्यापूर्वी करावी.

इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, प्लगची ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब. दोष शोधताना सोप्या गोष्टींपासून सुरुवात करावी.

आधी हे पाहा
चालकाच्या मनगटाला बांधायच्या सुरक्षा-दोरीची क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का आणि टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे का, हे पाहावे. बॅटरीवर सुरू होणाऱ्या इंजिनात १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भारित असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

पेट्रोल
महिनोन्‌महिने साठलेले पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. त्यातून पाणी तळाशी साचते आणि जुन्या रबरी नळ्याही खराब होतात. नळीवरील रबरी पंप दाबून घट्ट होत नसेल, तर नळीत गळती असू शकते. अनेक जुन्या इंजिनांत ऑइलचे प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. मात्र उत्पादकाची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

प्लग
दोरी काही वेळा ओढून प्लग काढावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. फिल्टर व कार्बुरेटरचे जेट साफ करावे. ओला असल्यास ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. अशा वेळी प्लग पुसावा, चोक बंद करून थ्रॉटल पूर्ण उघडावा व दोरी ओढावी. ठिणगी तपासताना जवळ पेट्रोलची वाफ नसावी. पेट्रोल व ठिणगी ठीक असूनही इंजिन चालत नसेल, तर दाबमापकाने सिलिंडर तपासून घ्यावेत.

पाणी शिरल्यास
बोट उलटून इंजिनात पाणी गेले असेल, तर प्लग न काढता दोरी ओढू नये. प्लग काढून, बाजूला उभे राहून पाणी बाहेर काढावे आणि त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवावे; विलंब झाल्यास आत गंज चढतो.

वॉटर स्कूटरचे वेगळेपण
बाहेरचे पाणी घेऊन थंड होणाऱ्या वॉटर स्कूटरला जमिनीवर नळ जोडताना आधी इंजिन सुरू करावे, मग नळ; बंद करताना आधी नळ, मग इंजिन. क्रम चुकल्यास पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकते. सुरू करण्यापूर्वी आसन उघडून साचलेली वाफ जाऊ द्यावी. बोटीच्या मागील इंजिनात मात्र पाणी आधी हवे.

तापीचा गाळ पाण्याची जाळी तुंबवतो, तीही साफ असावी. इंजिन सुरू झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची धार दिसत नसेल, तर ते तत्काळ बंद करावे. पहिली चाचणी काठालगत, लाइफ जॅकेट घालून व सोबत वल्हे ठेवूनच घ्यावी.